बटणाचे दुधाचे सुळे

कुत्र्याच्या तोंडात सुळे असतात चार. मास्तरांच्या बटणाच्या तोंडात होते आठ, आणि मास्तरांना त्याचा कोण अभिमान! माणूस आलेला असायचा पॅंटची कंबर सैल करून घ्यायला, आणि मास्तर टेप बाजूला ठेवून कुत्र्याचा जबडा उघडून दाखवायचे. "बघा, डबल सुळे! वाघालाही नसतात." बटण बिचारा तोंड वासून उभा. वाघ कसला, मांडीवर वेटोळं करून मावेल एवढासा जीव, आठवा महिनासुद्धा लागला नव्हता अजून. लहानपणी त्यानं कोटाचं एक पितळी बटण गिळलं होतं आणि ते बाहेर पडेपर्यंत सगळं घर त्याच्या मागे मागे फिरत होतं, तेव्हापासून त्याचं नाव बटण.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. मुलगा बस चालवायचा, सून शिवायची. तिला मशीनवर बसवलं ते मास्तरांनीच, आणि हात धरून शिकवलं तेही त्यांनीच. शिकवताना त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. कोट शिवायचा तर आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालून सगळे तुकडे जागच्या जागी धरून ठेवायचे. मग पक्की शिलाई. "आणि पक्कं झालं की कच्चं काढ," मास्तर म्हणायचे. "राहिलं तर कापड ओढतं."

खोलीच्या मधोमध कापायचं टेबल होतं. चांगलं लांबरुंद, माणूस आडवा झोपेल एवढं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सुनेकडे आता तिची स्वतःची गिऱ्हाइकं यायला लागली होती, बायका तिचं नाव काढत यायच्या, पण कापड कापायला ती मागच्या खोलीत जायची आणि जमिनीवर चादर अंथरून गुडघ्यांवर बसायची. टेबलावर मास्तर, मशीनवर सून, असा कायदाच होता. कुणी केला, कधी केला, विचारू नका. घरातले निम्मे कायदे असेच असतात.

तर ते सुळे. सून बटणाला लस टोचायला घेऊन गेली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डबल सुळे वगैरे काही नाही, म्हणाल्या, यातले चार दुधाचे आहेत. पक्के आले की दुधाचे पडायला हवेत, याचे पडलेच नाहीत. लहान चणीच्या कुत्र्यांत होतं असं. आणखी वाट बघण्यात अर्थ नाही, गुंगी देऊन काढावे लागतील.

सून घरी आली ती हे पोटात ठेवूनच. कारण मास्तर! मागच्या खेपेला नुसती सुई बघून ते डॉक्टरीणबाईंवर खेकसले होते, "मुक्या जनावराला भोसकता कसल्या?" आता यांना गुंगी नि ऑपरेशन सांगायचं म्हणजे गावभर बोभाटा. म्हणून ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या भाषेत मोठी गंमत आहे. एक दात असला तर तो 'तो', आणि चार झाले की 'ते'. पण घरातलं वडीलधारं माणूस एकटं असलं तरी 'ते'च. मास्तर एकटेच होते. मान मिळून मिळून 'ते' झाले होते.

एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मास्तर पाणी प्यायला आत निघाले. दोन खोल्यांच्या मधे पडदा होता. पडद्यापलीकडून सुनेचा आवाज आला.

"किती दिवस वाट बघायची? ते काही आपणहून जायचे नाहीत."

"राहू देत ना," मुलगा म्हणाला. "कुणाला त्रास आहे त्यांचा?"

"त्रास नाही कसा? ते जागा अडवून बसलेत. नव्यानं वाढायचं कुठे? कडेकडेनं, वाकडंतिकडं? ते काही नाही, आता काढायलाच हवेत."

मास्तरांचा हात पडद्यावरच थांबला.

"आणि बाबांना कोण सांगणार?" मुलानं विचारलं.

"आत्ता कुणीच नाही सांगायचं. आधी कळलं तर दारात आडवे पडतील. परवा सकाळी घेऊन जायचं, तिथे नेऊन सोडायचं. त्या बाई म्हणाल्यात, कळणारसुद्धा नाही काही."

नेऊन सोडायचं! मास्तर पाणी न पिताच मागे फिरले.  ते आपल्या स्टुलावर बसले, समोर टेबल होतं, टेबलावर कात्री होती, आणि टेबलाखाली बटण त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला होता. ज्या पोरीला सुईत दोरा ओवायला शिकवलं ती म्हणते, जागा अडवून बसलेत. आणि पोटचा पोरगा! त्यानं एकदा 'राहू देत' म्हटलं आणि मग कोण सांगणार याचीच चिंता!

आता कुणीही शहाणा माणूस पडदा बाजूला सारून विचारता, काय गं, कुणाबद्दल चाललंय? पण मास्तर विचारतील तर शप्पथ. ते उठले आणि शेजारच्या सलूनवाल्याकडे गेले. हा त्यांचा जुना दोस्त, रिकाम्या खुर्चीत बसून स्वतःच्याच मिशा कातरत होता. सगळं ऐकून घेऊन त्यानं कात्री खाली ठेवली.

"तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला.

तो कधीच काही म्हणाला नव्हता. पण असली वेळ आली की प्रत्येकजण म्हणतच आलेला असतो.

"आता काय करू?"

"काढतील म्हणून वाट बघत बसायचं कशाला? आपणच उठावं. निदान मान राहतो."

मास्तरांना ते पटलं. धाकटी बहीण होती, तिच्याकडे जाऊन राहायचं. ती नाही म्हणणार नाही. तिच्या घरी शिलाईचं मशीनही नव्हतं, पण ते मास्तरांनी मनात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांशी धड बोलणं केलं नाही. संध्याकाळी पोट बरं नाही सांगून जेवायचं टाळलं. सून दोनदा विचारायला आली, तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी जरा बाहेर जायचंय. तुम्हीही चला, तुम्ही असलात की बरं. दुकान उशिरा उघडू." मास्तरांच्या डोक्यात 'बाहेर' एवढंच घुमत राहिलं. त्यापुढे ती म्हणाली, "आणि बटणाला आता सकाळपर्यंत काही खायला देऊ नका हं." हे शेवटचं त्यांच्या एका कानातून दुसऱ्या कानापर्यंतही पोहोचलं नाही.

सकाळी घर उठायच्या आत मास्तर दुकानात आले. एक कोट द्यायचा राहिला होता. पक्की शिलाई पडली होती, कच्चे टाके तेवढे काढायचे होते. मास्तरांनी खिडकीशी बसून एकेक पांढरा दोरा ओढून काढला, कोटाला इस्त्री केली, हँगरला लावला. मशीनला तेल घातलं. मग पिशवीत दोन शर्ट, चष्म्याचं घर आणि आपली कात्री भरली. माणूस घर सोडतो, कात्री नाही सोडत.

बटण हे सगळं बघत होता. शेपटी हलत होती, कारण पिशवी भरली जातेय म्हणजे फिरायला जायचंय, एवढंच त्याचं शास्त्र. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. ते स्वयंपाकघरात गेले, दोन अंडी उकडली, पाव दुधात कुस्करला, वर सगळी साय घातली. "खा बाबा," ते म्हणाले. "उद्यापासून तुला कोण देतंय कुणास ठाऊक." बटणानं थाळी अशी चाटली की घासायची गरज उरली नाही. मास्तरांनी डोळे पुसले, थाळी तरीही घासली आणि जागेवर ठेवली.

थोड्या वेळानं तिघं निघाले. सून, मास्तर आणि पट्ट्याला बांधलेला बटण. मुलगा ड्यूटीवर गेला होता. सुनेनं विचारलं, "पिशवी कशाला, बाबा?"

"असू दे," मास्तर म्हणाले. ती नेईल तिथूनच बहिणीकडे वळायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. निदान कुत्र्याला तरी पोचवायला आणलं, एवढं तिला सुचलं, असं ते मनात म्हणत होते.

रस्त्याच्या टोकाला ती थांबली ती जनावरांच्या दवाखान्यासमोर. इथवर आणलं की डॉक्टरीणबाईच त्यांना समजावतील, असा तिचा हिशोब होता. मास्तर पाटी वाचून बुचकळ्यात पडले. आत बाकावर एक मांजर पिंजऱ्यात बसून सगळ्या जगावर रागावलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या. सकाळपासून पोट रिकामं आहे ना?"

"नाही, मी चहा घेतलाय," मास्तर म्हणाले.

"तुमचं नाही हो आजोबा, याचं."

"याचं कसलं रिकामं? दोन अंडी, पाव आणि साय."

सून मटकन बाकावर बसली. "बाबा! काल सांगितलं होतं ना तुम्हाला, काही देऊ नका म्हणून!"

"मग आज नाही जमायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरल्या पोटी गुंगी दिली आणि उलटी झाली तर ती श्वासात जाते. जिवाशी खेळ. उद्या आणा. पण आजोबा, भल्या सकाळी एवढी मेजवानी कशासाठी?"

मास्तरांना खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "निरोपाची," ते म्हणाले.

"कसला निरोप?"

"मला वाटलं…" मास्तरांनी सुनेकडे बोट केलं. "ही म्हणाली, ते जागा अडवून बसलेत, आपणहून जायचे नाहीत, काढायलाच हवेत. परवा सकाळी नेऊन सोडायचं. मला वाटलं, मलाच."

पिंजऱ्यातलं मांजरसुद्धा राग विसरून बघायला लागलं. मग डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. तोंडावर हात धरून हसल्या, माफी मागितली आणि पुन्हा हसल्या. मास्तरही कसनुसं हसले. सून मात्र हसली नाही. ती त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. पिशवीच्या तोंडातून कात्रीची मूठ दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी बटणाला टेबलावर घेतलं आणि त्याचा ओठ वर केला. "हे बघा आजोबा. हा बारीक, सुईसारखा, हा दुधाचा. त्याला खेटून हा जाड, तो पक्का. दोघांच्या मधे अन्न अडकतं, केस अडकतात, वास येतो, हिरडी सडते. आणि खालचा बघा. दुधाच्यानं जागा सोडली नाही म्हणून पक्का आतल्या अंगाला उगवलाय. तोंड मिटलं की टाळूत रुततो."

"मग हा ओरडत कसा नाही?"

"सवय होते. जनावर सांगत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. इतके दिवस जबडा उघडून अख्ख्या गल्लीला दाखवला, पण टाळूवरचा तो लाल ठिपका त्यांनी बघितला नव्हता. "दोरा बांधून ओढला तर?" त्यांनी विचारलं. "आमच्या लहानपणी दाराच्या कडीला बांधायचे."

"मुळीच नाही. मूळ लांब आणि नाजूक असतं, आत मोडून बसेल. नीट गुंगी देऊन, हिरडी सैल करून काढायचा. हा काही रोग नाही. त्यानं आपलं काम चोख केलंय, पक्का येईपर्यंत जागा धरून ठेवली. फक्त वेळेवर निघाला नाही."

"कच्चा टाका," मास्तर पुटपुटले.

परतीच्या वाटेवर भरल्या पोटाचा बटण तेवढा मजेत चालला होता. वाटेत झाडाखाली एक बाक होतं, तिथे मास्तर बसले. सूनही बसली.

"बाबा, तुम्हाला असं वाटलंच कसं?" तिचे डोळे भरले होते. "मी तुम्हाला नेऊन सोडीन?"

"वाटलं खरं." मास्तरांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. मग जे पडद्याआडून विचारायला हवं होतं ते त्यांनी आता विचारलं. "बटणाचं कळलं. आता माझं सांग. मी अडवून बसलोय का?"

आता 'छे हो बाबा, काहीतरीच काय' म्हणणं किती सोपं होतं! कुणीही म्हणालं असतं. सुनेनं पदराऐवजी बाहीनं डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"तुम्ही जायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर त्या दुकानात मला करमणार नाही, हे देवाशप्पथ सांगते. पण खरंच विचारताय म्हणून… जरा सरका, बाबा."

"सरकू?"

"माझे गुडघे गेलेत जमिनीवर कापून कापून. बोलले नाही कधी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मास्तरांना लागलं ते. चांगलंच लागलं. कालपर्यंत काज कसं करायचं ते माहीत नव्हतं आणि आज म्हणते सरका! ते ताडकन उठले आणि पुढे चालायला लागले. घर येईपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. दिवसभर ते टेबलाला चिकटून बसले, जेवणाचं ताटही टेबलावरच मागवलं, न जाणो उठलं तर कुणी बळकावेल.  सुनेनं कोट गिऱ्हाइकाला दिला आणि ती मशीनवर बसली. संध्याकाळी मात्र बटणाची थाळी मास्तरांनी स्वतः उचलून फडताळात, कडी लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बटणाचं ऑपरेशन झालं. मास्तर सगळा वेळ बाहेरच्या बाकावर होते, नखं खात. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन अंगठा आणि तर्जनी जुळवून 'छान' अशी खूण केली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली. बटणाला शालीत गुंडाळून आणलं, जीभ एका बाजूला लोंबत होती, डोळे अर्धवट. सोबत एक छोटी बाटली. आत चार सुळे.

घरी आल्यावर मास्तरांनी एक दात तळहातावर घेतला. वर दिसायचा तेवढा तर इवलासा, तांदळाच्या दाण्याएवढा. पण खालचं मूळ त्याच्या दुप्पट लांब, वाकडं, पिवळट.

"केवढं मूळ हे," ते म्हणाले.

"म्हणून तर दोऱ्यानं ओढायचं नव्हतं," सून म्हणाली आणि कापड घेऊन मागच्या खोलीत गेली.

बटण मांडीवर घोरत होता. मास्तर बसून होते. आतून कापडाची सळसळ ऐकू आली, मग चादर झटकल्याचा आवाज, मग गुडघे टेकताना तिनं घेतलेला श्वास. तो श्वास त्यांनी आजवर रोज ऐकला असणार. जनावर सांगत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सुनाही सांगत नाहीत.

मास्तरांनी बटणाला हळूच गादीच्या तुकड्यावर ठेवलं आणि टेबलाकडे नीट बघितलं. एका टोकाला त्यांचं काम, तेही कितीसं, आठवड्याला एखादा कोट. बाकी सगळं टेबल कशानं भरलं होतं? बंद पडलेला रेडिओ. पिवळ्या पडलेल्या कागदी मापांची चळत, त्यातली निम्मी माणसं आता हयातही नव्हती. मोडक्या झिपांचा डबा. रिकामी रिळं. मास्तर उठले. रेडिओ खाली उतरवला. झिपा खाली गेल्या, रिळं खाली गेली. कागदांच्या चळतीशी ते जरा घुटमळले, मग तीही मशीनखाली सारली. फडक्यानं लाकूड पुसलं तेव्हा खालून मूळचा रंग वर आला.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "कापड घेऊन इकडे ये."

ती पडद्याशी येऊन उभी राहिली. टेबलाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"बघतेस काय? गुडघे काय उधार आणलेत?"

ती आली. तिनं निळं कापड टेबलावर पसरलं, हात फिरवून सुरकुत्या काढल्या. मास्तर आपलं स्टूल ओढून टोकाला बसले होते. बसायला अवघडच जात होतं तिथे, उजेडही कमी होता.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात," ते कुरकुरले.

"तलवारी कुठेत?" सून म्हणाली. "कात्र्या आहेत."

मास्तरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पिशवी अजून खुंटीला होती. त्यांनी उठून आतली कात्री काढली, तिची धार अंगठ्यावर बघितली आणि मूठ सुनेकडे करून पुढे धरली. या कात्रीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सुनेनं ती दोन्ही हातांनी घेतली. 

मग तिनं खडूनं रेघ मारली. रेघ लांबत लांबत मास्तरांच्या कोपरापर्यंत आली आणि थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "अजून जरा."

आणि मास्तर सरकले.